उजव्या सीटवरचा माणूस

डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा माझा भाऊ आणि वहिनी इंदूरच्या विमानतळावरून बॅगांसकट रामबागेत घरी परतले. वैमानिकांना जास्त विश्रांती द्यायचा नियम लागू झाला होता आणि माणसं पुरली नाहीत. भाचा वैतागून म्हणाला, "आत्या, तू तिकडे फ्रान्समध्ये तुलूझला कॉकपिटचंच काम करतेस ना? मग एका पायलटवर भागेल असं विमान करा की!"

प्रश्न अगदीच वेडा नाही. एके काळी लांबच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये पाच जण असत. रेडिओवाला गेला, नॅव्हिगेटर गेला. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७-४०० मध्ये फ्लाइट इंजिनिअरचीही खुर्ची उरली नाही. त्यांचं काम यंत्रानं उचललं. आता इथे चर्चा आहे ती समुद्रावरच्या लांब पल्ल्यात एकानं चालवायचं, दुसऱ्यानं झोपायचं, याची. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानं २०२५ मध्ये सांगितलं, की आजच्या कॉकपिटमध्ये ही पद्धत तितकीच सुरक्षित आहे असं दाखवता येत नाही. झोपेतून दचकून उठलेल्याचं डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. आणि जागा असलेलाच कोसळला तर?

भाच्यानं लगेच मंगळूरचा विमान अपघात काढला. २२ मे २०१०, १५८ मृत्यू. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता, सहवैमानिक 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, म्हणत राहिला आणि कॅप्टननं तरीही विमान उतरवलं. "दुसरा असून काय उपयोग झाला?"

मला हे बोचलं, कारण आपल्याकडे मोठ्यांना अडवायचं नसतं हे मीही त्याच घरात शिकले. पण मग दुसऱ्याला काढायचं, की त्याचं ऐकायला शिकायचं?

मागे सिम्युलेटरमध्ये इंजिनला आग लागल्याचा सराव चालू होता. पन्नाशीच्या कॅप्टननं इंजिन बंद करणाऱ्या बटणावर बोट नेलं, दाबलं नाही. "कन्फर्म?" शेजारचा पोरगा विमान सांभाळत होता. तो म्हणाला, "नाही, दुसरं." कॅप्टननं बोट काढून शेजारच्या बटणावर नेलं आणि पुन्हा विचारलं, "कन्फर्म?"

ही दोन माणसांमधली दीड सेकंद मला कुठल्याही पडद्यावर बसवता येत नाही. ती बसवता येईपर्यंत उजवी, म्हणजे सहवैमानिकाची, सीट रिकामी ठेवणाऱ्या आराखड्याला माझा विरोध राहील, इथेही आणि इंदूरच्या फोनवरही. भाचा पुढच्या वर्षी फ्लाइंग क्लबात नाव घालतोय. पहिली काही वर्षं तो त्याच सीटवर बसणार आहे.