जेवायला म्हणून कोलकात्याला जा. दोघंच जा, आणि थंडीतच जा.

नोव्हेंबर सरत आला की ओळखीतली जोडपी विचारायला लागतात, यंदा कुठे जावं? मुलं मोठी झालीत, चार दिवस मोकळे आहेत, महाबळेश्वर झालंय, गोवा झालाय. मी दरवर्षी कोलकाता सांगते. मग पुढचा प्रश्न येतोच, "तिथे बघायला काय आहे?" बघायला पुष्कळ आहे हो. पण मी तुम्हाला तिथे जेवायला जा म्हणतेय.

हे ऐकून लोक जरा अवघडतात. आपल्याकडे सहल म्हणजे पॉइंट, देवळं, बागा, आणि जेवण म्हणजे मधल्या वेळेत उरकायचं काम. विमानाला आणि हॉटेलला कितीही पैसे गेले तरी कुणी हिशेब विचारत नाही. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दोघं दोन तास निवांत जेवली, की मात्र "खाण्यात एवढे घालवले?" हे ऐकावं लागतं. मला हे मनापासून खटकतं. एखाद्या मुलखाची नदी, माती, तिथले ऋतू, तिथे येऊन राहिलेली माणसं, हे सगळं ताटात येतं. ते नीट जेवणं म्हणजे तो मुलूख पाहणंच आहे.

आपल्या मराठी ग्रुप टूरमध्ये स्वयंपाकी बरोबर नेतात. पथ्यपाणी असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना त्याचा मोठा आधार असतो, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण धडधाकट जोडप्यानं हावड्याला उतरून सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात खाऊन परत यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता थंडीच का, ते सांगते. पहिलं कारण नोलेन गुड, म्हणजे खजुरीच्या रसाचा ताजा गूळ. बंगालमध्ये ज्याला खेजूर म्हणतात ते झाड म्हणजे आपली शिंदी. आपल्याकडे शिंदी म्हटलं की नीरा आणि ताडी आठवते. तिथे त्याच झाडाच्या रसावर सगळ्या मिठाईचा हिवाळा उभा आहे. रस काढणाऱ्या माणसाला शिउली म्हणतात. तो झाडाच्या शेंड्याजवळ साल तासतो, बांबूची पन्हळ बसवतो, संध्याकाळी मडकं बांधतो आणि उजाडायच्या आत उतरवतो. रात्र जितकी गार तितका रस नितळ आणि गोड. ऊब वाढली की तोच रस आंबायला लागतो. झाडाला मधे काही दिवस विश्रांती देतात आणि त्या विश्रांतीनंतरचा पहिला रस सगळ्यांत सरस मानतात. हा रस आटवला की तांबूस, किंचित धुरकट वासाचा गूळ होतो. हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एरवी या गुळाच्या नावानं जे मिळतं त्याला तो ताजा वास नसतो.

या दिवसांत उत्तर कोलकात्यात गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांच्या दुकानात जा. दुकान १८४४ पासूनचं. बसायला जागा नाही, जाळीच्या आडून संदेश, म्हणजे दूध फाडून केलेल्या छेन्याची मिठाई, देतात, रस्त्यावर उभं राहून खायचा. जलभरा संदेश दातांखाली फुटला की आतला पातळ गूळ जिभेवर येतो. भवानीपूरला बलराम मल्लिक राधारमण मल्लिक आहेत, १८८५ पासूनचे, तिथे गुळाचा रसगुल्ला खा. आणि जयनगरचा मोआ सोडू नका. कनकचूर जातीच्या भाताच्या लाह्या आणि हा गूळ यांचा तो मऊसूत लाडू. त्याला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

गोडाचं मी आधी सांगितलं, पण या सहलीचा गाभा दुपारचं जेवण आहे. दुपारी एखाद्या चांगल्या बंगाली रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवा. बालीगंजला एका जुन्या बंगल्यात 'सिक्स बालीगंज प्लेस' आहे, एस्प्लनेडला 'आहेली' आहे. आपण ताटात डावं-उजवं सगळं एकदम वाढून घेतो आणि हवं तसं फिरत जेवतो. बंगाली जेवणाला क्रम असतो. सुरुवात कडूनं. शुक्तो येतो, त्यात कारलं, शेवग्याची शेंग, कच्चं केळं, वांगं. मग डाळ आणि तळलेल्या भाज्या, मग घट्ट भाज्या, मग मासे, मग मटण, त्यानंतर टोमॅटो, खजूर आणि आमसत्त्व, म्हणजे आंबापोळी, घातलेली गोड चटणी पापडाबरोबर, आणि शेवटी मिष्टी दोई, म्हणजे गोड दही. प्रत्येक पदार्थाबरोबर थोडा थोडा भात. हा क्रम मोडू नका. शुक्तोचा कडवटपणा जीभ जागी करतो, म्हणूनच पुढच्या डाळीत घातलेला खोबऱ्याचा तुकडासुद्धा कळतो. एका बैठकीत दोन तास सहज जातात. हे दोन तास मला कुठल्याही सनसेट पॉइंटपेक्षा मोलाचे वाटतात.

माशांचं एक सांगते. थंडीत हिलसाच्या मागे लागू नका, तो पावसाळ्याचा मासा. थंडीत फ्लॉवर घातलेली कोई माशाची आमटी मागवा. आणि भेटकी खा. भेटकी म्हणजे आपला जिताडा! अलिबाग-पेणकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. त्याची पातुरी, म्हणजे मोहरीचं वाटण लावून केळीच्या पानात बांधून शिजवलेला तुकडा, पान उघडताच नाकात झणका येतो. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर पातुरीपासूनच सुरुवात करा. नारळाच्या शहाळ्यात शिजवलेली कोळंबी, डाब चिंगडी, ही कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला आपली वाटते आणि मग मोहरी लागली की वेगळी.

शाकाहारी असाल तरी बिनधास्त जा. केळफुलाचा घोंटो, हरभरा डाळीच्या वड्यांची रस्साभाजी धोकार डालना, छेन्याचे गोळे घातलेली छानार डालना, खसखशीतला बटाटा. आणि सकाळी कडाइशुटीर कचुरी, म्हणजे ताज्या मटाराचं सारण भरलेली फुगलेली कचोरी, सोबत आलूर दम. ही न्याहारी थंडीचीच, कारण कोवळा मटार तेव्हाच.

संध्याकाळ पार्क स्ट्रीटला द्या. इथलं जेवण बंगाली नाही, पण कोलकात्याचंच आहे. फ्लुरीज १९२७ चं, एका स्विस जोडप्यानं सुरू केलेलं. मोकॅम्बो १९५६ चं, तिथला डेव्हिल्ड क्रॅब घ्या. पीटर कॅट १९७५ चं. तिथला चेलो कबाब, लोणी घातलेला भात, वर अंडं, बाजूला कबाब, मूळ इराणी पदार्थ, पण इथे तो कोलकात्याचाच होऊन गेलाय. बाहेर रांग असते, तिला वैतागू नका. दोघांनी बोलत उभं राहायला थंडीतला पार्क स्ट्रीट फार छान आहे. शेजारीच ट्रिंकाज हे रेस्टॉरंट आहे, जिथे आपल्या मुंबईत जन्मलेल्या उषा उथुप ऐन तारुण्यात गात असत. आजही तिथे जेवताना समोर गाणं चालू असतं.

एक रात्र गणेशचंद्र अव्हेन्यूवरच्या 'ओ च्यू'साठी ठेवा. चिनी कुटुंबाचं जुनं, साधं हॉटेल. चिमणी सूप (चिमणी म्हणजे इथे धुराडं) आधी सांगून ठेवावं लागतं. मधोमध निखारे असलेलं भांडं टेबलावर येतं, भोवती रस्सा उकळत असतो. भपका काही नाही, पण मला विचाराल तर थंडीत दोघांनी मिळून खायचं याहून चांगलं जेवण त्या शहरात नाही. एकाच भांड्यातून, आपापल्या वाटीत, सावकाश.

जोडीनंच का जायचं, हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. घरात आपण एकत्र जेवतो असं म्हणतो, पण एक जण वाढत असतं, एकाचा डोळा घड्याळावर असतो. ज्या बाईनं पंचवीस वर्षं सगळ्यांना गरम पोळी वाढून शेवटची स्वतः खाल्ली, तिच्यापुढे कुणीतरी फुगलेली लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणून ठेवतं, आणि ती संपायच्या आत दुसरी येते. तिला उठायचं नसतं. नवऱ्यालाही तिला काय आवडतं ते नव्यानं दिसतं, कारण घरात ती सगळ्यांच्या आवडीचं करते. माझ्या नवऱ्याला इथे पहिल्यांदा कळलं की मला कडू आवडतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! घरी कारलं मुलांना नको म्हणून होतच नव्हतं. आता आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी होतं, आणि तो स्वतः आणतो.

म्हणून फोन पिशवीत ठेवा. दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवा आणि अर्धे-अर्धे वाटून घ्या. दिवसाला एकच मोठं जेवण ठरवा, दुसरं हलकं. मधल्या वेळेत खूप चाला, जानेवारीत कोलकात्यात दुपारीही चालवतं.

नाताळच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. पार्क स्ट्रीटवर मुंगीला शिरायला जागा नसते आणि न्यू मार्केटातल्या नहूमच्या बेकरीसमोर केकसाठी लांबच लांब रांग लागते. ही १९०२ पासूनची बगदादी ज्यू कुटुंबाची बेकरी, तिथे शांतपणे जायला हवं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा मध्य उत्तम. मुंबईहून गीतांजली आहे, पुण्याहून आझाद हिंद, दोन्ही हावड्याला जातात. आरक्षण लवकर भरतं, तेव्हा या आठवड्यातच बघा. येताना बॅगेत पाटाली गुळाच्या, म्हणजे याच गुळाच्या घट्ट केलेल्या, ढेपेला जागा ठेवा, आणि ती घट्ट बांधून घ्या, कारण मुंबईच्या उकाड्यात ती मऊ पडते.