वडिलांना दर भेटीला पुन्हा पंप ओढायला का लावतात?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : पावडरच्या इनहेलरसोबत चित्रांचं पत्रक येतं, डॉक्टरांनी एकदा दाखवलेलंही आहे, मग सीओपीडीने (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने) आधीच दमलेल्या वडिलांची दर वेळी परीक्षा कशाला? गुण येत नसेल तर सरळ औषध बदला. तुमची चिडचिड समजते, पण हे मला पटत नाही.

या इनहेलरमध्ये औषध बाहेर फेकणारा गॅस नसतो. पावडर उडते ती रुग्णाच्या ओढीने. बहुतेक पावडरींत औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात आणि ओढ जोरकस असेल तरच सुटतात. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण खालच्या श्वासनलिकांत पोचतात. त्याहून मोठे घशातच आपटतात. ओढ कमी पडत असताना औषध बदललं, तर नवं औषधही घशातच जाईल.

पत्रकात हे सगळं असतं, पण चुकलं तर पत्रक टोकत नाही. "मला येतं हो" म्हणणारे रुग्ण माझ्यासमोर पावडरची कॅप्सूल इनहेलरमध्ये टाकून टोचतात, इनहेलर तोंडात धरतात आणि आधी त्यातच श्वास सोडतात. आतली पावडर दमट होऊन चिकटते, काही उडूनही जाते. मग हळूहळू ओढतात, कारण पूर्वी गॅसच्या पंपाला तसंच शिकवलेलं असतं आणि तिथे ते बरोबरच होतं. इथे पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. कॅप्सूल फिरल्याचा खरखर आवाज यायला हवा. नाही आला तर बहुधा ती अडकलीय. ओढून झाल्यावर उघडून बघायचं. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं.

यातलं काहीही विचारून कळत नाही, बघावंच लागतं. आणि नीट शिकलेली माणसंही काही आठवड्यांत जुन्या सवयीवर येतात, म्हणून दर भेटीला.

एका बाबतीत मात्र तुमचा आग्रह योग्य ठरू शकतो. वय, अशक्तपणा किंवा आजार बळावल्यामुळे काहींची ओढच पुरत नाही. उपकरणानुसार मिनिटाला साधारण 30 ते 60 लिटर वेग लागतो. तो छोट्या मीटरवर मोजता येतो. तेवढा वेग येतच नसेल तर कितीही शिकवा, उपयोग नाही. तिथे स्पेसर (औषध थोडा वेळ धरून ठेवणारी नळी) लावलेला गॅसचा पंप किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफेसारखी फवार करणारं यंत्र) द्यायला हवा, आणि ते तुम्ही हक्काने मागा.

पुढच्या वेळी वडिलांचा रोजचा इनहेलर सोबत न्या. काही न सांगता त्यांना आधी करू द्या, तुम्ही शेजारी बसून बघा : ओढण्याआधी श्वास इनहेलरमध्ये न सोडता बाजूला सोडतात का, ओढल्यावर जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत रोखतात का, औषधात स्टेरॉइड असेल तर चूळ भरतात का. आणि त्यांचा इनहेलर कॅप्सूलचा आहे की अनेक डोस आत भरलेला, हे मला कळवा. दुसऱ्या प्रकारात कॅप्सूलची खरखर नसते, तिथे काय बघायचं ते वेगळं लिहितो.