‘खाटकाने फेकलेली हाडे ४८० रुपयांना’ या अभिप्रायावर आमचा खुलासा

नमस्कार साहेब,

रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दुकानातून घेतलेल्या खेळाच्या पेटीवर ‘बोकडाच्या हाडांचे फासे’ हे शब्द अगदी बारीक छापलेले होते आणि ऐन श्रावणात हाड घरात आल्याने आपल्या आईंना वाईट वाटले, असे आपण लिहिले आहे. त्याबद्दल मी आपली आणि आईंची मनापासून क्षमा मागतो.

किमतीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘खाटकाने फेकलेली हाडे’ हे शब्द मला आणि माझ्या पत्नीला फार लागले. हे हाड बोकडाच्या फक्त मागच्या पायांच्या घोट्यात असते, म्हणजे एका बोकडामागे दोनच, एक डावे आणि एक उजवे. संचाला चार लागतात आणि तीही आकाराने जुळणारी, त्यामुळे पिशवीभर हाडे निवडली तरी मोजकेच संच हाती येतात. नंतर उकळून शिरा खरवडणे, चरबी सुटेपर्यंत साबणाचे पाणी बदलत राहणे, सावलीत वाळवणे आणि पॉलिश पेपरने घासणे, यात तीन आठवडे जातात. चरबी राहिली तर वास येतो. आपल्या संचाला तो आल्याचे आपणही म्हटलेले नाही.

‘सारखे ३ आणि ४ च पडतात’ हा फाशांचा दोष नव्हे. या हाडाच्या त्या दोन बाजू रुंद असतात, १ आणि ६ च्या अरुंद. हाडाला अशा चारच बाजू, त्यामुळे २ आणि ५ हे आकडे तर ग्रीक व रोमन लोकांच्या याच हाडांच्या खेळातही नव्हते. चार हाडांवर चार वेगळ्या बाजू पडल्या की रोमन त्या दानाला वीनस या प्रेमदेवतेचे नाव देत आणि ते सर्वश्रेष्ठ मानत. दुकानात बसून आपण चार डाव खेळलात, तेव्हा हे सारे मी सांगितले होते. शिवाय आपल्या विनंतीवरून ४० रुपये कमी केले होते. बिलावर ४४० आहेत, ४८० नव्हेत. निदान तेवढी दुरुस्ती आपण करावी.

पेटीवरील अक्षरे पुढच्या छपाईत मोठी करण्याचे पाहतो. संच परत आणल्यास पैसे मिळतील, किंवा आईंसाठी सागरगोटे घेऊन जावेत. पेटी नसली तरी चालेल, परंतु चारही हाडे असावीत. एक हरवले तर त्याच्या जोडीचे शोधण्यात माझे कित्येक दिवस जातात.