चिप महागली, हे मान्य, पण…

नमस्कार. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, स्वस्त होत नाहीत याचं खापर मी माझ्या लेखात स्पर्धेच्या अभावावर फोडलं, खरं कारण चिपचा खर्च आहे, आणि पीसी-मोबाइल असताना स्पर्धा कमी कशी, असा तुमचा आक्षेप आहे.

चिपचा मुद्दा मी एका वाक्यात उरकला, ती माझी चूक. सोनीचा प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. चिप लहान होत गेली की ती स्वस्तही व्हायची. आता ते गणित मोडलंय. २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झाला. त्यात आयातशुल्काचा भारही धरा.

तरी २०१३ आठवून पाहा. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन कायनेक्टसकट (हालचाली टिपणारा कॅमेरा) ४९९ डॉलरला आणि प्लेस्टेशन ४ ३९९ ला. पुढच्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने कायनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ ला आणला. कायनेक्ट काढल्यावर खर्च घटला असणारच, पण तो काढायला भाग पाडलं सोनीच्या किमतीने. २०२५ मध्ये उलट झालं. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून ५९९ वर नेला. सोनीला गिऱ्हाईक ओढायची आयती संधी होती, पण ऑगस्टमध्ये तिनेही किंमत वाढवली.

मोबाइल खेळणाऱ्याच्या वेळेसाठी भांडतो, टीव्हीसमोरच्या कन्सोलची जागा तो घेत नाही. पीसीची गोष्ट वेगळी, आणि तिथेच माझी खरी तक्रार आहे. मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ मध्ये सांगितलं होतं, की एका एक्सबॉक्समागे कंपनी शंभर ते दोनशे डॉलरची पदरमोड करते. हा पैसा वसूल होतो तो गेम्सच्या विक्रीतून. पीसीवर स्टीम हे गेम्सचं ऑनलाइन दुकान परवडलं नाही, तर एपिक आहे, जीओजी आहे. कन्सोलवर कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरला तोंड देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे डिस्क. ती कुठल्याही दुकानातून घ्या, जुनी घ्या, खेळून झाली की विका, मित्राला द्या. नव्या गेमचा भाव त्यामुळेच काही महिन्यांत खाली यायचा. २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो ६९९ डॉलरला आला आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा! मला त्या ६९९ पेक्षा हे जास्त खुपतं. डिस्क नसलेल्या कन्सोलचा मालक पुढची सहा-सात वर्षं एकाच दुकानाचा गिऱ्हाईक होतो, आणि त्या दुकानाला शेजारी नसतो.

लेखातला चिपबद्दलचा परिच्छेद आज वाढवून लिहितो. डिस्कबद्दलचा मात्र तसाच राहील.