लाल म्हणजे मृत्यू, सोनेरी म्हणजे ऐश्वर्य? अकान रंगांच्या तक्त्याचा प्रतिवाद

घानातील अकान लोकांच्या रंगांचे अर्थ सांगणारा एक तक्ता समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. पांढरा म्हणजे आनंद, लाल म्हणजे मृत्यू, काळा म्हणजे शोक, सोनेरी म्हणजे ऐश्वर्य, हिरवा म्हणजे समृद्धी. आणि एवढे पाठ केले की केंटे हे त्यांचे विणलेले वस्त्र कोणालाही वाचता येते, असे त्यात सांगितलेले असते. हा तक्ता सर्वस्वी खोटा असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यातले अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

मुळात हे सगळे रंग एकाच पंक्तीत बसवणे चूक आहे. अकानांच्या ट्वी भाषेत रंगांचे मूळ शब्द तीन: तुन्तुम म्हणजे काळा, फिताआ म्हणजे पांढरा आणि कोकोओ म्हणजे लाल. हिरव्यासाठी ‘ताजे पान’ आणि पिवळ्यासाठी ‘कोंबडीची चरबी’ असे वस्तूंवरून आलेले शब्द वापरतात. गडद निळा काळ्याच्या घरात जातो, तर नारिंगी आणि तपकिरी लालाच्या. विधींमधला अर्थ प्रामुख्याने या तीन घरांभोवती फिरतो.

‘लाल म्हणजे मृत्यू’ हे विधान सर्वाधिक खटकणारे आहे. अंत्यविधीला मृताचे निकटचे आप्त कोबेने हे लाल वस्त्र नेसतात, ही गोष्ट खरी. पण तो लाल मृत्यूचा नसून मागे राहिलेल्यांच्या जिवाच्या तगमगीचा आहे. अतीव दुःखात किंवा निकराच्या प्रसंगी अकान माणूस ‘मानी अबेरे’, म्हणजे ‘माझे डोळे लाल झाले आहेत’, असे म्हणतो. आदिंक्रा या अकानांच्या पारंपरिक चिन्हांपैकी एकाचे नावच एक म्हण आहे: डोळे कितीही लाल झाले, तरी त्यांतून आग पेटत नाही. शिवाय सोन्याला ट्वीत म्हणतात ‘सिका कोकोओ’, म्हणजे शब्दशः ‘लाल सोने’. तक्त्याने मृत्यू आणि ऐश्वर्य अशा दोन वेगळ्या रकान्यांत टाकलेले रंग खुद्द त्या भाषेत एकाच शब्दात नांदतात.

काळ्याचेही तसेच आहे. बिरिसी हे काळे आणि झाडाच्या सालीत रंगवलेले कुन्तुन्कुनी हे काळपट तपकिरी वस्त्र शोकाचे, यात वाद नाही. परंतु सन्मानाने राज्य केलेला प्रमुख वारला, की त्याचे लाकडी आसन काजळी आणि अंड्याचा बलक चोपडून काळे केले जाते आणि पूर्वजांच्या आसनांच्या खोलीत जपून ठेवले जाते. पुढे नव्या प्रमुखाला अशाच काळ्या आसनावर तीनदा अलगद टेकवून गादीवर बसवतात. त्या खोलीतला काळा रंग शोकाचा नाही, वडीलधाऱ्या सत्तेचा आहे.

पांढऱ्याविषयी तक्ता त्यामानाने बरोबर आहे, फक्त ‘आनंद’ हा शब्द फार तोकडा पडतो. बाळंतीण पांढरे नेसते, पूर्वी निर्दोष सुटलेल्या माणसाच्या अंगाला पांढरी माती लावत, आणि अतिवृद्ध व्यक्तीच्या अंत्यविधीतही पांढरे वस्त्र दिसते. मराठी वाचकाला त्यात आपल्याकडचा अंत्ययात्रेतला पांढरा दिसण्याचा संभव आहे, पण तिथे तो पूर्ण जगलेल्या आयुष्याच्या कृतज्ञतेचा असतो.

हिरवा, सोनेरी आणि लाल यांचे तक्त्यातले काही अर्थ तर घानाच्या ध्वजाशी मिसळलेले दिसतात. तो ध्वज थिओडोशिया ओको यांनी रेखला आणि 1957 साली फडकला; लाल स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा, सोनेरी खनिज संपत्तीचा, हिरवा वनांचा. अनेक समाजांच्या एका आधुनिक राष्ट्राचे ते प्रतीक आहे, अकान परंपरेचा कोश नव्हे.

राहिला केंटेचा प्रश्न. घानातील कुमासी शहराजवळच्या बोनविरे गावातले विणकर अरुंद पट्ट्या विणतात आणि त्या शेजारी शेजारी शिवून वस्त्र तयार होते. रंगांना तिथे अर्थ आहेतच, पण वस्त्र ओळखले जाते ते नावाने, आणि नाव ठरते ते उभ्या ताण्याच्या रचनेवरून किंवा नक्षीवरून. ते नाव एखाद्या कुळाचे असते, एखाद्या म्हणीचे किंवा घटनेचे असते. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांनी इजिप्तच्या फातिया यांच्याशी विवाह केल्यानंतर एक केंटे ‘फातिया फाता न्क्रुमा’, म्हणजे ‘फातिया न्क्रुमांना शोभते’, या नावाने प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने न्क्रुमांना पदच्युत केले आणि त्याच वस्त्राला लोक ‘एकटा माणूस राष्ट्र चालवत नाही’ अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. ताणा तोच होता, बाणा तोच होता, आणि रंगही तेच होते.