‘खारा वारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: होडी, ताडपत्री आणि माझं घरात बसणं

‘खारा वारा’ यांस,

नमस्कार. ‘पावसाळ्यात होडी झाकताना’ या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी काल सकाळी चहाबरोबर वाचली. चहा निवला. उत्तर लांबणार हे लगेच कळलं, म्हणून इथे वेगळं लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आधी जशीच्या तशी देतो, मागाहून कुणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढंच उचललं:

“लेख वाचला. जाड ताडपत्री म्हणजे टिकाऊ ताडपत्री, हे चूक. प्लॅस्टिक पावसाने मरत नाही, उन्हाने मरतं. यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का ते आधी विचारा, जीएसएम मागाहून. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते. परवडत असेल त्याने सरळ बोटीचं कापडी कव्हर शिवून घ्यावं. आणि मुख्य म्हणजे, चारी बाजूंनी आवळून बांधलेल्या होडीत वारा खेळत नाही, आतल्या आत घाम धरून लाकूड कुजतं. लेखात यावर एक अक्षर नाही. घरात बसून लेख लिहिणाऱ्यांना हे कळणं कठीण आहे. लोक वाचून पैसे घालतात, जरा जबाबदारीने लिहा.”

आधी दोरीचं. ते तुमचं बरोबर आहे. नायलॉन पाणी पितं आणि ताणतं, संध्याकाळी वीणेच्या तारेसारखी बांधलेली दोरी सकाळी लोंबत असते. लेखात मी ‘नायलॉनची किंवा कुठलीही चांगली दोरी’ असं लिहिलं होतं. ते आता ‘पॉलिएस्टरची’ असं केलं आहे. शिवाय सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून ताडपत्रीच्या कडेची रिंग आणि दोरीच्या मधे घालावेत, म्हणजे वाऱ्याचा हिसका रबर खातं आणि रिंग उपटत नाही, हेही वाढवलं आहे. चूक दाखवली की मी दुरुस्त करतो. हा ब्लॉग सात वर्षं वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. तुम्ही बहुधा नवीन असाल.

आता ते वाक्य. “घरात बसून लेख लिहिणाऱ्यांना.”

लेख घरात बसूनच लिहितात हो. पुळणीवर जुलैच्या पावसात लॅपटॉप उघडून लिहिणारा कुणी तुम्हाला माहीत असेल तर मलाही ओळख करून द्या. पण तुम्हाला जे सुचवायचं आहे ते कळण्याइतकी अक्कल मला आहे. तुम्हाला म्हणायचं आहे की याने होडीला कधी हात लावला नाही, कुठून तरी वाचून खरडलं. एका अनोळखी माणसाबद्दल, त्याची एक ओळ माहिती नसताना, टोपणनावाच्या आडून असं लिहायला काय लागतं? काही लागत नाही. म्हणून तर लिहिलंत.

तर माहिती देतो. आमची होडी आजोबांची. दापोली तालुक्यात, खाडीच्या काठाला आमचं घर. वडील, म्हणजे अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. होडी धंद्याची नव्हती, खाडी ओलांडायला आणि घरापुरतं कालवण मिळवायला होती. मे संपता संपता ती शाकारायची हा आमच्याकडे वार्षिक सोहळा असायचा. भरतीच्या पाण्यावर जितकी वर येईल तितकी आणायची, मग ओंडक्यांवरून ढकलत वाडीत, दोन्ही बाजूंना टेकू, खालून-वरून माशाचं तेल. ते तेल शाळेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हाताला यायचं, शेजारचा मुलगा बाकावर सरकून बसायचा. मग होडीवर चिव्याच्या काठ्यांचा सांगाडा, मधे आढं, आणि त्यावर आईने आणि आत्याने विणलेले झावळ्यांचे झाप, कौलांसारखे एकावर एक, सुंभाने बांधलेले. मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून सुंभाचं टोक माझ्या हातात असायचं. माझ्या उजव्या तळहाताला त्याची खूण अजून आहे. फोटो टाकणार होतो, पण मग म्हटलं, कशाला?

हे झालं घरात बसणं.

मधली बावीस वर्षं मी मुंबईत नोकरी केली, हे मी ब्लॉगवर कधी लपवलेलं नाही. ‘माझ्याविषयी’ या पानावर तसं स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही ते वाचून ‘घरात बसून’ म्हणाला असाल तर ते आणखीच हलकं झालं. पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाने गावाला परत येऊन आजोबांची होडी वाळवून, फळ्या बदलून, वरून फायबरचा हात देऊन पुन्हा पाण्यात घालायची नाही का? की त्यासाठी तुमचा दाखला लागतो?

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या तालुक्याची काय दशा केली ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. पावसाळा तोंडावर, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या होत्या, माझीही वाडीत होती. त्या दिवशी मात्र मी घरात बसलो होतो, कबूल. दाराला आतून पेटी लावून, पेटीवर मी आणि पेटीच्या बाजूला आई. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा पोफळी आडव्या, मांगराचे पत्रे बेपत्ता. ताडपत्री निघून गेली होती, पण दोऱ्या जागच्या जागी, प्रत्येक दोरीच्या टोकाला पितळेची रिंग आणि रिंगेभोवती पानाच्या आकाराचा निळा तुकडा. होडीला ओरखडा नाही. तेव्हापासून मी सांगतो आहे की कडेची पट्टी दुमडून शिवलेली, आत दोरी घातलेली बघून घ्या. नुसत्या कडेला ठोकलेल्या रिंगा वारा आधी उपटतो. लेखात हे होतं. त्याबद्दल तुमच्याकडून एक अक्षर नाही. ‘एक अक्षर नाही’ हे तुमचेच शब्द.

आता जाडीचं. मी लिहिलं होतं की २५० जीएसएमच्या खाली जाऊ नका, आणि त्यावर मी ठाम आहे. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, बाकी काही नाही. वीस बाय बारा फुटांची ताडपत्री बावीस चौरस मीटरच्या जरा वर भरते, म्हणजे २५० ची असेल तर वजन साधारण साडेपाच किलो यायला हवं. दुकानातल्या काट्यावर ठेवा, चार किलो भरली तर उठून या. हे कुणालाही तपासता येतं. तुमचं ते यूव्ही, म्हणजे ऊन सोसण्यासाठीची प्रक्रिया, दुकानात कसं तपासायचं ते सांगा की! पिशवीवर सूर्याचं चित्र असतं आणि खाली ‘यूव्ही’ छापलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका दुकानातून मी तसलीच, सूर्याच्या चित्राची, दुकानदाराने छातीवर हात ठेवून दिलेली ताडपत्री आणली. पहिला पावसाळा झकास गेला. होळीपर्यंत वरचा पापुद्रा सुटायला लागला, आतल्या विणीच्या पट्ट्या फितीसारख्या मोकळ्या झाल्या, आणि मे महिन्यात हात लावला की निळा भुगा हातात. वाडीभर निळा भुगा, केळीच्या आळ्यात निळा भुगा. आता तुम्ही म्हणाल, बघा, उन्हानेच मेली. मेली असेल. मी कुठे म्हणालो ऊन लागत नाही? माझा मुद्दा असा की छापलेल्यावर विश्वास ठेवता येत नाही आणि वजनावर ठेवता येतो. यूव्हीवर सवडीने वेगळा लेख करीन, इथे फाटे फोडू नयेत.

कापडी कव्हराचं थोडक्यात. अ‍ॅक्रिलिकचं कापड उत्तमच, रंग सुतातच मुरवलेला असतो, उन्हात वर्षानुवर्षं टिकतं, आतला दमट वाफारा बाहेर जाऊ देतं. पण ते पाणी थोपवतं, पूर्ण अडवत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ट्रेलरवर फायबरची स्पीडबोट ठेवणाऱ्यांनी अवश्य शिवून घ्यावं. माझा वाचक तो नाही. माझा वाचक मे महिन्यात हार्डवेअरच्या दुकानात उभा राहून पडवीची ताडपत्री आणि होडीची ताडपत्री एकाच ताग्यातून बसेल का, याचा हिशेब करत असतो.

खरा घात कशाने होतो ते मी लेखात तीन परिच्छेद लिहिलं होतं, तुम्ही बहुधा वरवर चाळलंत. पाणी साचल्याने होतो. होडीवर ताडपत्री नुसती पसरली की मधे खोळ होते. एक चौरस मीटरच्या खोळीत वीतभर नको, दहा सेंटीमीटर पाणी साचलं तरी शंभर किलो. एका रात्रीत ताडपत्री खाली, पाणी होडीत, आणि पाणीही गोडं. खारं पाणी लाकडाला एक वेळ मानवतं, त्यात बुरशी सहज धरत नाही. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. म्हणून मधे आढं हवंच, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत, होडीच्या काठाच्या निदान दोन फूट वर, आणि दोन्ही बाजूंना घराच्या पाख्यासारखा उतार. बांबूच्या टोकांना पोत्याची चिंधी गुंडाळा, नाहीतर तिथेच पहिलं भोक पडतं. आणि नारळाखाली होडी ठेवू नका. यावर हसू नका, आमच्या शेजाऱ्यांची होडी, ताडपत्री नवी कोरी, आणि एका नारळाने दोन्हींचं काम केलं.

राहिला तुमचा ‘मुख्य’ मुद्दा, वाऱ्याचा. अहो, हे काय मला शिकवता? झाप असायचे तेव्हा वारा आपोआप खेळायचा. तरीही जूनमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की अण्णा शाळेतून आल्या आल्या, सदरा न काढता, नाळेकडचे चार झाप वर करून काठी लावायचे. “वारं लागू दे रे तिला,” म्हणायचे. माझ्या घरातली गोष्ट आहे ही. २०१९ च्या नारळी पौर्णिमेला मी ताडपत्री काढली तेव्हा आतून वास आला होता आणि मागच्या फळीला, बोट घातलं तर बोट जाईल अशी, एक जागा मऊ लागली होती. फळी बदलली. पण ती जुनीच होती, आणि त्या वर्षी पाऊसही फार झाला होता. त्यावरून सगळा लेख चूक ठरत नाही.

लेखात ते लिहायचं राहिलं, एवढंच. प्रत्येक गोष्ट लिहायची तर माणसाने जेवायचं कधी? ‘वाऱ्याबद्दल दोन ओळी वाढवाल का’ असं विचारलं असतंत तर मी आनंदाने वाढवल्या असत्या. तुम्ही ‘जबाबदारीने लिहा’ म्हणालात. मी या ब्लॉगवर जाहिरात घेत नाही, कुठल्या ताडपत्रीवाल्याचं नाव सुचवत नाही, स्वतःचं नाव-गाव लावून लिहितो. जबाबदारी आणखी कशी असते?

असो. पुन्हा प्रतिक्रिया लिहायची असेल तर जरूर लिहा, खाली नाव घालून लिहिलीत तर बोलायला बरं पडेल. मी आता थांबतो. सकाळपासून उघडीप आहे, ऊनही आलं आहे, नाळेकडची दोरी सोडून ताडपत्रीखाली काठी लावून यायचं आहे. ते मी दरवर्षी करतो. तुमच्या प्रतिक्रियेचा त्याच्याशी संबंध नाही.