बाईंची गाडी किलोच्या भावानं गेली

आमच्या लेनमधली ‘बाईंची गाडी’ गेली. तशी ती मे २०२४ मध्येच गेली, पण लिहायला हात धजत नव्हता. गाडी माझी नव्हती, बाई माझ्या कोणी नव्हत्या, मग मी कशाला गळा काढू? पण परवा कोराडी रोडला जे पाहिलं त्यानंतर राहवेना. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

लक्ष्मीनगरात आमच्या समोरच्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी होती. १९७८ची, फिकट क्रीम रंगाची. काका बँकेत. मुंबईला बदलीवर असताना १९९१ मध्ये त्यांनी ती एका नटीकडून घेतली. सिनेमातली नव्हे, टीव्हीवरची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत तिकडच्या लोकांना जे चेहरे घरातल्या माणसांसारखे झाले, त्यातल्या या एक. नाव लिहीत नाही. त्या आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. गंमत अशी की आम्हा नागपूरकरांना त्या काळी मुंबईचा टीव्ही दिसायचाच नाही. म्हणजे आमच्या लेनमध्ये ज्यांच्या नावानं गाडी ओळखली जायची, त्यांचं एकही नाटक लेनमधल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी सगळे म्हणायचे, बाईंची गाडी.

काकांची बदली नागपूरला झाली तेव्हा त्यांनी ती चालवत आणली. नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती. आता समृद्धी झाला ७०१ किलोमीटरचा, लोक सकाळी निघून दुपारी उशिराचं जेवण घरी करतात आणि टोलवरून कुरकुरतात. काकांना दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांचं वर्णन पुढं वीस वर्षं पुरलं. मे महिना होता. इंजिन तापलं की फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी जागच्या जागी बंद. मग बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, झाडाखाली बसून काकूंनी दिलेला गूळ-शेंगदाणा खायचा, फडकं वाळलं की निघायचं. नागपुरात ज्यांच्याकडे पद्मिनी होती त्या प्रत्येकाच्या डिकीत पाण्याची कॅन आणि एक फडकं असायचंच. पंचेचाळीस डिग्रीला माणसाच्या डोक्यावर दुपट्टा आणि गाडीच्या पंपावर फडकं, हिशोब सारखाच.

मी चालवायला त्याच गाडीवर शिकले. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. मी गिअर ओढून टाकायची तर काका म्हणायचे, “ओढू नको गं, बोलाव त्याला.” त्या गाडीतून आम्ही शाळेत गेलो, गॅस सिलिंडर आणले, दिवाळीला इतवारीतून कापडाचे गठ्ठे आणले, लेनमधल्या दोन बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. ड्रायव्हरशेजारच्या सनवायझरच्या मागं एक छोटा आरसा होता आणि त्याच्या कडेला तपकिरी डाग. मेकअपच्या पॅनकेकचा. बाई शूटिंगला जाताना गाडीतच शेवटचा हात फिरवत असणार. काकू एकदा पुसायला गेल्या तर काका ओरडले होते. काका सहसा ओरडत नसत.

आता मुद्द्यावर येते. लोक म्हणतात गाडी गंजानं मेली. माझ्या मते ती कौतुकानं मेली.

२००९च्या सुमारास कुणीतरी एका पुरवणीत तिचा फोटो छापला, ‘नागपुरात आहे अमुक अभिनेत्रीची मोटार’. त्या रविवारपर्यंत ती गाडी होती. सोमवारपासून ती ठेवा झाली. काकांनी तिच्यातून सिलिंडर आणणं बंद केलं. पोरांना बसू देणं बंद केलं. सेकंडहँड मारुती घेतली आणि हिला निंबाखाली उभी करून वरून जाड प्लास्टिकची ताडपत्री बांधली, खालपर्यंत, दोरीनं गच्च. ज्यांना गाड्यांतलं कळतं ते इथंच कपाळावर हात मारतील. प्लास्टिकखाली हवा खेळत नाही. पावसाळ्याची ओल आत कोंडते, उन्हात तिची वाफ होते, रात्री ती पत्र्यावर पुन्हा पाणी होऊन बसते. उघड्यावर उभी केली असती तर एवढी गंजली नसती. वर उंदरांनी वायरिंग खाल्लं ते वेगळं.

दोनेक वर्षांनी जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. सदरकडचा माणूस, स्वतःकडे एक डुक्कर फियाट बाळगून असलेला (पुढची दारं उलटी उघडणारी जुनी फियाट, नव्या पोरांसाठी सांगते). त्यानं बाईंबद्दल एक शब्द विचारला नाही. मॅट उचललं, खिशातून पेचकस काढला आणि फ्लोअरला टोचून टोचून पाहिलं. एका जागी पेचकस आरपार गेला. म्हणाला, “काका, इंजिन चांगलं आहे. फ्लोअर आत्ता केला तर वाचते. सत्तर हजार देतो.”

काकांचा चेहरा मला अजून आठवतो. “अहो, बाईंची गाडी आहे ही!”

“असेल न काका. आरसी बुकावर दाखवा, मी लाख देतो.”

काकांनी आरसी बुक आणलं. त्यावर बाईंचं नाव होतं, पण कुठलं? लग्नानंतरचं, सासरच्या आडनावाचं, कागदोपत्री नाव. पडद्यावरचं नाव कुठंच नाही. ज्या नावासाठी काका पाच लाख मागायला निघाले होते, ते नाव कागदावर नव्हतंच. शौकीन चहा पिऊन गेला. काका आठवडाभर धुमसत होते. मला विचाराल तर त्या दिवशी त्या पेचकसवाल्या माणसाइतकं त्या गाडीवर प्रेम करणारं आमच्या लेनमध्ये दुसरं कुणी नव्हतं, काकांसकट.

आणि कागदाचं दुसरं दुखणं याहून मोठं. काकांनी गाडी कधी नावावर करूनच घेतली नव्हती! बाईंनी गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून दिले होते, ते तसेच फायलीत. आपल्याकडे किती घरांत हे असंच आहे. ‘करू न, घाई काय?’ पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, ते तीनदा एजंटच्या कृपेनं बाईंच्याच नावानं झालं. मग बाई गेल्या. आता मालक वारल्यावरचा फॉर्म ३१ लागणार, म्हणजे आधी वारसांच्या नावावर आणि मग काकांच्या. वारस परदेशी. कुणाला पडलंय? रिन्यूअल थांबलं ते थांबलंच.

लोक मला सांगतात की मोठ्या माणसांच्या गाड्या आपण जपत नाही. पूर्ण खरं नाही ते. लालबहादूर शास्त्रींची फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. १९६४ला बारा हजारांना घेतलेली, त्यासाठी पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेचं, आणि ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलेलं. तिथं माणूस, कागद आणि गोष्ट, तिन्ही एका जागी आहेत. उलट देशातली पहिली मारुती ८०० घ्या. १४ डिसेंबर १९८३ला खुद्द इंदिरा गांधींच्या हातून जिची किल्ली दिली गेली, ती गाडी मालक वारल्यावर दिल्लीत घरासमोर रस्त्यावर गंजत उभी होती. तिचे तसे फोटो फिरले, बोंब झाली, तेव्हा कुठं ती सुधारून कंपनीत ठेवली गेली. पंतप्रधानांच्या हातची किल्लीसुद्धा पावसाला अडवू शकली नाही, तर आमच्या बाईंच्या पॅनकेकचं काय घेऊन बसलात?

त्यात बाई टीव्हीच्या. सिनेमावाल्यांच्या निदान रिळा राहतात. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग आणि मोजक्या, त्यामुळे कित्येक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे उतरवले गेले. बाईंनी जे काम केलं त्यातलं किती आज पाहायला मिळेल, देव जाणे. मला उगाच वाटायचं की गाडी तरी राहावी.

राहिली असती. २०२१च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी वेगळी नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोज ऑफिसला नेता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. आमची १९७८ची. २०२८ला पन्नास भरली असती.

पण काका २०२२ला गेले. काकू मुलाकडे पुण्याला, आणि घर बिल्डरच्या फ्लॅट स्कीमला दिलं. आपल्याकडे आता दर तिसरं घर स्कीमला जातंच आहे. बिल्डरला प्लॉट मोकळा हवा होता. मुलानं मला फोन केला, “ताई, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार जप्त करून राहिलं म्हणे, उगाच दंड नको.” हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. अरे, तो दिल्लीचा नियम, दिल्ली आणि आसपासचा! आपल्याकडे खासगी गाडी फिटनेसला पास झाली, रिन्यूअल आणि ग्रीन टॅक्स भरला की चालते. हां, रिन्यूअलची फी ६०० रुपयांवरून २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाली होती, हे खरं. पण मी त्याला समजावणार कोणत्या तोंडानं? माझ्या अंगणात जागा होती. “माझ्याकडे ठेव” हे दोन शब्द मी बोलले नाही. आमची नवीन गाडी कुठं लावायची, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. लिहून टाकते, म्हणजे मला कुणी फार चांगलं समजायला नको.

आधी एक मिस्त्री आला. डाव्या बाजूची दोन दारं, गिअरबॉक्स, कार्बोरेटर आणि पुढची जाळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कबाडी आला, छोटा हत्ती टेम्पो आणि गॅस कटर घेऊन. नऊशेच्या आसपास किलोची गाडी, गंज आणि नेलेलं सामान वजा करून बावीस हजार दिले. मी फाटकात उभी होते. धीर करून म्हटलं, “भाऊ, ते सनवायझर मला देता का?” कबाड्याबरोबर सतरा-अठराचा एक पोरगा होता. त्यानं वायझर खाली केलं, आरशात पाहिलं, शर्टाच्या बाहीनं आरसा घसघसून पुसला आणि खिशातून कंगवा काढून भांग पाडला. मग ते उपटून माझ्या हातात दिलं. “घ्या काकू.”

आरसा लख्ख होता.

कबाड्यानं कापलेल्या गाडीची नोंद रद्द होत नाही, त्यासाठी अधिकृत स्क्रॅप केंद्रातून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते कुणी घेतलं नाही. म्हणजे मुंबईच्या कुठल्यातरी आरटीओच्या रजिस्टरात बाई आणि गाडी दोघीही अजून आहेत.

परवा कोराडी रोडला सिग्नलला माझ्या बाजूला एक निळी पद्मिनी येऊन थांबली. डाव्या बाजूची दोन्ही दारं क्रीम रंगाची. मागच्या हँडलखाली ती लांबट ओरखड, मी बारावीत असताना फाटकाला घासून केलेली. मागच्या सीटवर कांद्याची पोती. चालवणारे साठीचे, डोक्याला दुपट्टा. मी काच खाली केली.

“भाऊ, ही दारं कुठून घेतली?”

“मिस्त्रीनं लावून देल्ली. काऊन?”

“एका टीव्हीवरच्या नटीची गाडी होती ती.”

त्यांनी वाकून दाराकडे एकदा पाहिलं. “असंल न बाप्पा. पन पत्रा बढिया आहे, गंज नाही लागून राहिला. आन् एका हातानं लागते.” आणि दाखवायला म्हणून त्यांनी हात लांब करून दार उघडून पुन्हा ओढलं. ठप्. सिग्नल सुटला, त्यांनी दांड्यावरचा गिअर अलगद खाली घेतला आणि कोराडीकडे निघून गेले.